डॉक्टरनं बोलायचं नाही

मिरजेत डॉक्टर होऊन मी जर्मनीत आले ती लग्नामुळे. नवरा जर्मन, शाळेत गणित शिकवणारा. इथं माझ्या डिग्रीला कुणी विचारलं नाही, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. भाषा, परीक्षा, दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी, मग स्त्रीरोग-प्रसूतीच्या स्पेशालिस्टची परीक्षा. चाळिशी आली तेव्हा कुठं बव्हेरिया राज्यात, फ्रांकेनमधल्या एका लहान गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, माझी स्वतःची प्राक्सिस, म्हणजे खाजगी दवाखाना, सुरू झाली. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लागली, त्या दिवशी खालच्या बेकरीवाल्या बाईंनी गरम ब्रेत्सेल्स वर पाठवले होते. गावानं मला आपलं म्हटलं, असं मला वाटलं. तेव्हा वाटायचं मला असं बरंच काही.

गावाबाहेर टेकडीवर छोटं हॉस्पिटल होतं. तिथल्या प्रसूती विभागाला स्वतःचे डॉक्टर नव्हते. बाहेर दवाखाना चालवणारे डॉक्टरच तिथं आपापल्या पेशंटची बाळंतपणं करायचे. दिवसभर प्राक्सिसमध्ये बसायचं आणि पेशंटला कळा सुरू झाल्या की टेकडीवर धावायचं. अशा डॉक्टरला इथं बेलेगआर्ट्स्ट म्हणतात. आम्ही दोघंच होतो, मी आणि एक वयस्क जर्मन सहकारी. त्यांनी अर्ध्या गावाला जन्माला घातलं होतं असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. बाजारात त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांवर कुणीतरी थांबून त्यांच्याशी हात मिळवणार.

बाळंतपणं करायची तर विमा लागतो. डॉक्टरकडून चूक झाली, पेशंटला इजा झाली, तर भरपाई विमा कंपनी देते. आमच्या राज्याचा कायदा आणि त्याखालचे नियम सांगत होते की असा विमा डॉक्टरनं काढलाच पाहिजे. मला त्यात काही गैर वाटलं नाही. गाडी रस्त्यावर काढायची तर विमा लागतोच की. सुरुवातीला मी वर्षाकाठी पैसे भरायचे आणि विसरून जायचे. करारातली बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती. माझ्या सहकाऱ्यांनीही वाचली नव्हती.

ती साताऱ्याची मुलगी मला भेटली सुपरमार्केटच्या रांगेत. पुढे उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं आई, इथं कोथिंबीर कुंडीसकट विकतात!" मी मागून हसले. ती वळली आणि मला पाहून तिचे डोळे भरून आले. गावात आणखी एक मराठी माणूस असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिचा नवरा जवळच्या हेर्त्सोगेनआउराखला इंजिनिअर होता, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. ती एम.कॉम. झालेली, पण भाषेशिवाय घरात अडकलेली. त्या दिवसापासून मी तिची ताई झाले. रविवारी ती दोघं आमच्याकडे जेवायला यायची नाहीतर आम्ही त्यांच्याकडे जायचो. माझी मुलगी माझ्याशी जर्मनच बोलायची, पण हिच्या तोंडून मराठी ऐकायला तिला आवडायचं. व्हिसाच्या कार्यालयात मी तिच्याबरोबर गेले, घरमालकाशी मी भांडले, दातांचा डॉक्टर मी शोधून दिला. उपकार म्हणून नव्हे. मलाही कुणीतरी ताई म्हणणारं हवं होतं.

तिला दिवस गेले तेव्हा तिनं नवऱ्याच्याही आधी मला सांगितलं.

सातव्या महिन्यात तिची शुगर वाढली. पथ्यानं आटोक्यात आली. बाळ जरा गुबगुबीत होतं, पण सोनोग्राफीत वजन चार किलोच्या आत दिसत होतं. त्या हिशोबानं सिझेरियनची गरज नव्हती. तरी मी तिला विचारलं होतं. तिच्याच स्वयंपाकघरात, चहा पिता पिता, मराठीत. "बाळ थोडं मोठं आहे. हवं तर सिझेरियनचा विचार करू. धोका कमी, पण पोटावर टाके येतील." ती म्हणाली, "नको गं ताई. आईला तिघं झाली ती नीटच झाली. मलाही तसंच हवंय." तिची आई साताऱ्याहून आली होती, ओट्याशी मेथीचे लाडू वळत होती. तीही म्हणाली, "होईल नीट. हिची कंबर माझ्यावर गेलीय." आम्ही तिघी हसलो. या बोलण्याची नोंद पेशंटच्या कागदांत नव्हती. स्वयंपाकघरातलं बोलणं कोण लिहून ठेवतं?

प्रसूती दुपारी झाली. कळा चांगल्या होत्या, ठोके चांगले होते. डोकं बाहेर आलं आणि पुन्हा मागे ओढल्यासारखं झालं. हे कशाचं लक्षण ते प्रत्येक प्रसूतीतज्ज्ञाला माहीत असतं. बाळाचा खांदा आईच्या हाडामागे अडकला होता. अशा वेळी हातात फार थोडी मिनिटं असतात. हेबामे, म्हणजे इथली सुईण, माझ्यापेक्षा अनुभवी होती. तिनं आईचे पाय पोटाशी दाबून धरले, नर्सनं वरून दाब दिला, मी हात आत घालून बाळाला फिरवलं. जे शिकले होते ते सगळं त्याच क्रमानं केलं. बाळ बाहेर आलं. निळं, मग जांभळं, मग रडलं. मुलगी. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

उजवा हात हलत नव्हता.

मी लगेच तिथंच सांगितलं, दोघांनाही. "खांदा अडकला होता. बाळाचा जीव वाचवायला ओढावं लागलं, त्यात हाताच्या नसांना ताण बसलाय. बहुतेक मुलांचं काही महिन्यांत सुधारतं. सगळ्यांचं पूर्ण सुधारतंच असं नाही." तिच्या नवऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही होतात म्हणून." पुढचे काही आठवडे मी रोज त्यांच्या घरी जात होते. फिजिओथेरपी कशी करायची ते दाखवत होते. काकू, म्हणजे तिची आई, त्या इवल्या हाताला तेल लावायची आणि म्हणायची, "येईल हो जोर, येईल."

जोर आला, पण थोडासाच. हात कोपरात वाकत नव्हता.

करारातल्या अटीप्रमाणे मी विमा कंपनीला घटना कळवली. आठवड्याभरात फोन आला. बोलणारा गृहस्थ अतिशय सभ्य होता, आवाजात घाई नाही, चढ नाही.

"आल्झो, फ्राऊ डॉक्टर," म्हणजे आपलं 'तर मग, डॉक्टरबाई', "यापुढे त्या कुटुंबाशी या प्रसूतीबद्दल काही बोलायचं नाही."

"मी त्यांना सगळं सांगितलंय. लपवण्यासारखं काही नाही."

"सांगितलं ते सांगितलं. यापुढे नाही. खेद व्यक्त करू नका, काय चुकलं असेल त्याबद्दल बोलू नका, मी असं करायला हवं होतं वगैरे तर मुळीच नाही. आमच्या परवानगीशिवाय तुम्ही जबाबदारी मान्य केल्यासारखं काही बोललात तर करारानुसार आम्ही पैसे द्यायला बांधील राहत नाही."

"अहो, पण ते माझे मित्र आहेत."

"हो, मी समजू शकतो. पण विचार करा. विमा गेला तर तुमचं घर जाईल, दवाखाना जाईल, आणि त्या मुलीला जे मिळायला हवं तेही पूर्ण मिळणार नाही. तुमच्याकडे तेवढं आहे का? तिच्या भल्यासाठीच गप्प राहा."

तिच्या भल्यासाठी. हे शब्द मला आजही कानात खुपतात. नवऱ्याच्या ओळखीच्या एका वकिलाला मी करार दाखवला. त्यानं चष्मा वर करून ती अट वाचली आणि म्हणाला, "माणूस म्हणून भेटायला जाता येईल. पण तुम्ही माणूस म्हणून काय बोललात आणि डॉक्टर म्हणून काय बोललात, हे कोर्टात कोण वेगळं करणार? नका जाऊ."

मी गेले नाही. सुरुवातीला कामाची सबब सांगितली. मग फोन उचलणं कमी केलं. तिला काही कळेना. एका रविवारी ती दोघं बाळाला घेऊन आमच्या दाराशी आली. माझ्या नवऱ्यानं दार उघडलं, आत घेतलं, कॉफी दिली. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. हाताचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जात होते. दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिच्या नवऱ्याचा चेहरा बदललेला मला दिसला. जाताना त्यानं मला ताई म्हटलं नाही.

काकूंचा व्हिसा संपत आला होता. परतायच्या आधी त्या एकट्या, बाळाला कडेवर घेऊन, माझ्या प्राक्सिसमध्ये आल्या. जर्मन एक अक्षर येत नाही, अपॉइंटमेंट नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं आत येऊन सांगितलं, "साडीतल्या एक बाई बसल्यात, उठायला तयार नाहीत." मी पेशंट थांबवून त्यांना आत घेतलं.

काकूंनी बाळाला माझ्या तपासायच्या टेबलावर ठेवलं आणि दुपट्यातून तो हात बाहेर काढला.

"बघ."

मी बघितला. म्हटलं, "व्यायाम चालू ठेवा. एर्लांगेनला नसांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा."

"ते सगळं चाललंय. मी ते विचारायला आले नाही. मी बाहेर बाकावर बसले होते, आत तू होतीस. काय झालं ते मला नीट सांग. मी गावाकडे जाऊन काय सांगू?"

"काकू, मला त्याबद्दल बोलता येत नाही."

"बोलता येत नाही म्हणजे? मराठीत बोल की."

"तसं नाही. विम्याची अट आहे. विमा कंपनीनं मनाई केलीय."

काकू बघतच राहिल्या. "विमा माणूस मेल्यावर मिळतो. तो जित्या माणसाची जीभ कशी काय धरतो?"

  काकूंनी बाळाला पुन्हा दुपट्यात गुंडाळलं.  "मी भांडायला आले नव्हते," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातून काही चुकलं असतं आणि तू तसं म्हणाली असतीस, तरी मी तुला पोटाशी धरलं असतं. पण हे असं गप्प बसणं... हे आपल्यात नसतं." त्या गेल्या. बाहेर पुढची पेशंट वाट बघत होती, तिला मी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या दोघांच्या वकिलाचं पत्र आलं. प्रसूतीत हलगर्जी, सिझेरियनचा पर्याय पेशंटपुढे ठेवला नाही, वगैरे. मी ते वाचलं आणि माझ्याही तोंडून त्या दोघांबद्दल वाईट शब्द गेले. ज्या घरात जेवले, ज्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरले, ती माणसं म्हणतात मी विचारलंच नव्हतं! नवरा म्हणाला, "तू त्यांच्याशी बोलत नाहीस, ते वकिलामार्फत बोलतायत." मी त्याच्यावरच ओरडले.

प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. एका तज्ज्ञानं लिहिलं, डॉक्टरनं सर्व योग्य केलं, खांदा अडकेल हे आधी कळत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, प्रसूती योग्यच केली, पण शुगर होती म्हणून सिझेरियनबद्दल सांगायला हवं होतं आणि तसं सांगितल्याची नोंद नाही. मी विमा कंपनीच्या त्या सभ्य गृहस्थाला फोन केला.

"मला कोर्टात जाऊ द्या. तिथं शपथेवर सांगेन की मी विचारलं होतं. तीही तिथं असेल. तिच्यासमोर सांगेन."

"फ्राऊ डॉक्टर, खटला लांबेल, खर्च वाढेल. आम्ही तडजोड करतोय."

"पण तडजोड म्हणजे माझी चूक होती असा अर्थ होतो!"

"नाही, नाही. जबाबदारी मान्य न करता तडजोड. तसं स्पष्ट लिहिलेलं असतं."

"गावातले लोक ते लिहिलेलं वाचतात का?"

"तो प्रश्न विम्याच्या कक्षेत येत नाही," तो म्हणाला. टिंगल करत नव्हता. खरंच तसं त्याला वाटत होतं.

तडजोड झाली. मला कुणी विचारलं नाही, नंतर कळवलं. मुलगी मोठी झाल्यावर हाताचं किती नुकसान राहतं ते बघून पुढची भरपाई ठरेल, म्हणून फाइल उघडीच राहणार होती. म्हणजे माझं गप्प राहणंही तोवर चालूच.

गावात व्हायची ती बदनामी झालीच. पैसे दिले म्हणजे चूक असणारच, हे जर्मनीतही तितकंच पक्कं गणित आहे. एर्लांगेनला महाराष्ट्र मंडळाची दिवाळी होती. मी गेले तर दोन बायका बोलता बोलता थांबल्या आणि एकीनं घाईघाईनं चकल्यांची ताटली माझ्यापुढे केली. मी चकली न खाताच निघाले. पुढच्या वर्षीपासून मी गेले नाही.

मग विम्याचा हप्ता वाढला. नुसता माझाच नव्हे, बाळंतपणं करणाऱ्या सगळ्यांचा वाढत होता, माझा जरा जास्त. पुढच्या वर्षी पुन्हा. शेवटी वर्षातली निम्मीअधिक बाळंतपणं मी फक्त विमा कंपनीसाठी करत होते. माझ्या वयस्क सहकाऱ्यांवर कधी एकही दावा झाला नव्हता. तरी त्यांना कंपनीनं कळवलं की पुढच्या वर्षापासून प्रसूतीचा विमा मिळणार नाही, वय आणि धोका बघता. ते माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "परवा एका आजीचं नातवंड माझ्या हातात आलं. ती आजीसुद्धा माझ्याच हातात आली होती. आता मी बेकायदेशीर झालो." कायदा म्हणत होता विमा हवाच, आणि विमा कुणी देत नव्हतं. त्यांनी टेकडीवर जाणं बंद केलं. वर्षभरानं घरीच बागेत काम करताना गेले. हृदयविकार. त्याचा विम्याशी संबंध नव्हता, असं सगळे म्हणतात.

प्रसूती विभाग बंद पडायची चिन्हं दिसू लागली तसे आमच्या भागाचे विधानसभा सदस्य हॉस्पिटलला भेट द्यायला आले. केक, कॉफी, स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. मला शेजारी बसवलं होतं, बहुधा फोटोसाठी, कारण मी साडी नेसेन असं कुणीतरी गृहीत धरलं होतं. मी पँट-शर्टमध्ये गेले.

मी विचारलं, "डॉक्टरनं विमा काढलाच पाहिजे असं आपल्या राज्याचा कायदा म्हणतो. बरोबर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! पेशंटच्या संरक्षणासाठी. त्याचा आम्हाला अभिमान आहे."

"मग तो विमा परवडेल असा मिळेल, किंवा निदान मिळेल, हे कुणी बघायचं?"

"ते बाजार ठरवतो. शिवाय विम्याचा कायदा हा बर्लिनचा, केंद्राचा विषय."

"बर्लिनला विचारलं तर म्हणतात, डॉक्टरांचा व्यवसाय हा राज्यांचा विषय."

ते हसले, मोकळेपणानं, दात दाखवून. "आपली संघराज्य पद्धत अशीच आहे, फ्राऊ डॉक्टर."

"आणि डॉक्टरनं पेशंटशी बोलायचं नाही अशी अट करारात असते, ते तरी कुणाला माहीत आहे का?"

त्यांनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. क्षणभर वाटलं, ऐकतील. मग नर्सनं कालच जन्मलेलं बाळ आणलं, त्यांनी ते हातात घेतलं आणि फोटोग्राफर पुढे आला. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. बाळाखालचा त्यांचा हात चुकीच्या जागी होता, बाळाची मान लटकत होती.

मी त्या वर्षअखेरीला बाळंतपणं सोडली. माझ्याशिवाय विभाग चालणं शक्य नव्हतं, तो बंद झाला. आमच्या गावात आता मुलं जन्मत नाहीत, मोठ्या रस्त्यानं शहरात नेऊन जन्माला घालतात. एकीची वाटेत गाडीतच झाली. त्या वेळी वर्तमानपत्रानं मला फोन करून प्रतिक्रिया विचारली. मी फोन ठेवून दिला.

दोन हजार आठ साल उजाडलं आणि नवा विमा कायदा लागू झाला. डॉक्टरांच्या मासिकात त्यावर लेख होता. कंपनीच्या परवानगीशिवाय चूक मान्य करायची नाही ही अट यापुढे करारात टिकणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाक्य उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. लगेच कंपनीला फोन लावला. तोच सभ्य आवाज.

"आल्झो, अभिनंदन म्हणायला हवं," तो म्हणाला. "पण तुमची घटना आधीची आहे. जुन्या घटनेला जुनेच नियम."

मी त्याला नमस्कार न करता फोन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती दोघं दरम्यान वाल्डॉर्फला गेली होती. तिच्या नवऱ्याला तिथं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. पत्ता एका ओळखीच्याकडून मिळवला. माझ्या नवऱ्यालाही न सांगता मी गाडी पकडली. कंपनी काय करेल ते करो, अशा तिरीमिरीत निघाले खरी, पण बसमधून उतरल्यावर त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते.

दार तिनंच उघडलं. जाड झाली होती, केस कापले होते. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"या," ती म्हणाली. एवढंच. मागे ताई नव्हतं.

बैठकीत मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. डाव्या हातानं. उजवा हात अंगाखाली दुमडलेला. माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, "तू कोण?" आईनं सांगितलं, "ओळखीच्या आहेत." मग तिला आत पाठवलं.

मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"गेल्या वर्षी गेली."

 टेबलाशी बसत ती पुढं म्हणाली, "शेवटी शेवटीसुद्धा विचारायची, ती बाई वाईट नव्हती, मग गप्प का बसली?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. डोकं बाहेर आलं तिथपासून. कुणी काय धरलं, मी हात कसा घातला, किती घाबरले होते. त्यानंतर फोन, अट, वकील, तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात उठून गेले ते का. मला वाईट वाटतं हेही म्हणाले. ती टेबलावर नख घासत ऐकत होती.

"आम्हाला तरी कुठं कोर्टात जायचं होतं?" ती म्हणाली. "आमच्या क्रांकेनकासंनंच, आजारपणाच्या विम्यानं, आम्हाला कळवलं की दावा करा, उपचारांचा खर्च आम्हालाही वसूल करायचाय. ह्यांनी म्हटलं, आधी ताईंशी बोलू. म्हणून आलो होतो त्या रविवारी. तुम्ही उठून गेलात."

"आणि सिझेरियनचं? मी विचारलं होतं तुला. चहा पिताना."

"विचारलं होतं." तिनं मान वर केली. "मला चांगलं आठवतं. आई लाडू वळत होती. मी वकिलाला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, कागदावर आहे का? नाही ना? मग विचारलं नव्हतं. तुम्ही बोलला असता तर मी ऐकलं नसतं त्याचं. पण मला वाटलं, हिच्याच मनात काळं आहे, म्हणून ही गप्प आहे. मग म्हटलं, जाऊ दे. पोरीच्या हाताचं बघू."

 आतून मुलीच्या गाण्याचा आवाज येत होता, कुठलंतरी शाळेतलं जर्मन गाणं. मला वाटलं, आता ती चहा ठेवेल. मला वाटलं, आता संपलं सगळं, सुटलो दोघीही.

ती उठली. दाराकडे गेली.

"बरं केलंत सांगितलंत ते," ती म्हणाली. "पण आता परत येऊ नका. हिच्या पुढच्या भरपाईचं अजून व्हायचंय. आमच्या वकिलानं बजावलंय, त्या डॉक्टरशी काही बोलायचं नाही. आज तुम्ही आलात हे मी ह्यांनाही सांगणार नाही."

"मी काही कुणाला..."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. पोरीसाठी."

मी चपला घातल्या. दार लागण्याआधी तिनं क्षणभर माझ्या दंडाला हात लावला. की दार बंद करताना लागला, ते मला नक्की सांगता येणार नाही.

बस यायला वेळ होता. थांब्यावर दोन तरुण इंजिनिअर मराठीत फ्लॅटच्या भाड्याबद्दल बोलत होते. एकानं माझ्याकडे पाहून अदबीनं बाक रिकामा केला आणि इंग्रजीत विचारलं, मी भारतातली का. मी जर्मनमध्ये नाही म्हटलं.